फॅरेडेच्या बाटलीतले लाल सोने

लोट्याच्या नाक्यावरच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात गर्भधारणा तपासण्याची पट्टी मिळते. लघवीचे दोन-चार थेंब टाकायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि लाल रेघा मोजायच्या. एक की दोन, यावर घरात पेढे वाटायचे की नाही ते ठरते. ती लाल रेघ शाईची किंवा रंगाची असेल असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात बहुतेक पट्ट्यांमध्ये ती सोन्याची असते. सोन्याचे अतिशय बारीक कण तिथे अडकून गोळा होतात आणि लाल दिसतात. करोनाच्या काळात नाकातल्या स्रावाची झटपट चाचणी करायची जी पट्टी घरोघरी पोहोचली, तिच्यातही बहुधा हेच सोने होते.

पिवळे सोने लाल कसे होते, याचे उत्तर सर्वांत आधी ज्याने शोधले, तो माणूस विजेच्या शोधांसाठी शाळेच्या पुस्तकात भेटतो. मायकेल फॅरेडे. जनित्र आणि मोटार यांच्या मागे त्याचे नाव असते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण आज ज्यांना नॅनोकण म्हणतात, ते जाणूनबुजून तयार करून त्यांचा वर्षभर पिच्छा पुरवणारा तो पहिला शास्त्रज्ञ होता, हे फारसे सांगितले जात नाही. आणि बारीक धूळ माणसे मारू शकते हेही त्याने लिहून ठेवले होते, ते तर जवळजवळ विसरलेच गेले. महामार्गाच्या कडेने रसायनांचे आणि औषधांचे कारखाने असलेल्या लोटे-परशुराम वसाहतीच्या परिसरात हा दुसरा भाग विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनच्या शेजारच्या न्यूइंग्टन बट्स या वस्तीत. वडील लोहार, तेही सतत आजारी. घरात चार मुले. शाळा म्हणजे लिहिणे, वाचणे आणि थोडा हिशेब, तेवढीच. तेरा वर्षांचा असताना तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला आणि पुढच्या वर्षी त्याच दुकानात पुस्तकबांधणी शिकायला राहिला. सात वर्षांचा करार होता. बांधायला आलेली पुस्तके तो रात्री वाचून काढी. विश्वकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंनी सोप्या संवादांतून लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक, या दोहोंनी त्याला या नादाला लावले. बांधणीच्या धंद्यात पुस्तकाच्या पाठीवर सोन्याच्या वर्खाने अक्षरे उठवावी लागतात. तो वर्ख पुढे चाळीसहून अधिक वर्षांनी पुन्हा त्याच्या हातात येणार होता.

१८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरेडेने टिपणे काढली, ती स्वच्छ लिहून, आकृत्या काढून, स्वतः बांधून डेव्हीकडे पाठवली. त्याच सुमारास नायट्रोजन ट्रायक्लोराइड या स्फोटक द्रव्याने डेव्हीच्या डोळ्याला इजा केली होती आणि लिहून घ्यायला त्याला कोणीतरी हवेच होते. १ मार्च १८१३ ला फॅरेडे प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून रुजू झाला. आठवड्याचे काही शिलिंग, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या असा मोबदला होता. रुजू झाल्यानंतर थोड्याच आठवड्यांत, मालकाला जखमी करणारे तेच द्रव्य हाताळताना त्याचीही बोटे भाजली. १८२३ मध्ये क्लोरीन वायू द्रवरूप करताना काचेच्या नळ्या फुटून काच डोळ्यांत गेली. त्या काळी संरक्षक चष्मा नव्हता, वायू बाहेर ओढणारा पंखा नव्हता. जे तयार होई, ते हुंगून पाहायचे, जिभेला लावून पाहायचे, अशी रीत होती.

१८२१ मध्ये त्याने पाऱ्याने भरलेल्या भांड्यात तार फिरवून दाखवली, ती जगातल्या सर्व विजेच्या मोटारींची आजी. १८२५ मध्ये दिव्याच्या गॅसच्या टाक्यांत उरलेल्या तेलकट गाळातून त्याने बेन्झीन वेगळे केले. रंग, औषधे आणि कीटकनाशके यांच्या कारखानदारीचा फार मोठा भाग या एका रेणूच्या कुळातला आहे. रक्ताच्या कर्करोगाशी बेन्झीनचे नाते कळायला पुढे कित्येक दशके लागली. १८३१ चा विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध तर सर्वश्रुतच आहे.

वयाच्या पन्नाशीच्या आसपास त्याची तब्येत ढासळली. चक्कर येई, डोके दुखे, आणि सर्वांत त्रासाचे म्हणजे आठवण राहीना. कालचा प्रयोग आज आठवत नसे, म्हणून तो वहीत प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक घालून सगळे टिपून ठेवी. ही सवय आधीची, पण आता तिच्यावाचून चालेना. १८४१ मध्ये पत्नी सारा त्याला स्वित्झर्लंडला हवापालटासाठी घेऊन गेली. हा आजार पाऱ्याच्या वाफेमुळे झाला असावा, असे नंतरच्या काही डॉक्टरांचे म्हणणे आहे. तळघरातल्या कोंदट प्रयोगशाळेत उघड्या भांड्यांतून पारा वर्षानुवर्षे वापरला जात होता, तेव्हा शंका रास्त आहे. सिद्ध मात्र करता येत नाही. व्यवसायातून होणाऱ्या आजारांचे आजही अनेकदा असेच होते. रोगी समोर असतो, संशय असतो, पण वीस वर्षांपूर्वी त्याने काय आणि किती हुंगले, याची नोंद कुठेच नसते.

अशा प्रकृतीतच १८४४ मध्ये सरकारने त्याला एका वेगळ्या कामावर पाठवले. २८ सप्टेंबरला इंग्लंडच्या उत्तरेकडे हॅसवेल इथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९५ माणसे आणि मुले दगावली. खाणकामगारांच्या वकिलाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्याकडे धरणे धरले की चौकशीला मालकांच्या बाजूचे नसलेले शास्त्रज्ञ हवेत. फॅरेडे आणि भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांना पाठवले गेले. दोघे चौकशीत बसले, साक्षीदारांना प्रश्न विचारले आणि खाणीत उतरले.

तिथला एक प्रसंग लायेलने नोंदवला आहे. हवेचा वेग कसा मोजता, असे फॅरेडेने खाणीतल्या अधिकाऱ्याला विचारले. त्याने तपकिरीची चिमूट घ्यावी तशी बंदुकीची दारू चिमटीत घेतली आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर सोडली. धूर ठरावीक अंतरावर किती वेळात पोहोचतो, ते जोडीदाराने घड्याळावर पाहायचे. ही दारू ठेवता कुठे, असे फॅरेडेने विचारले. पिशवीत, तोंड घट्ट बांधून, असे उत्तर आले. आणि पिशवी कुठे आहे? तर पाहुण्याला बसायला काही मऊ हवे म्हणून त्यांनी जी दिली होती, आणि ज्यावर फॅरेडे मेणबत्तीच्या उजेडात निवांत बसला होता, तीच ती पिशवी. सुरक्षेचे नियम कागदावर आणि खाणीत असे वेगवेगळे असतात, हे त्याला बसल्या जागी कळले.

पण अहवालातला महत्त्वाचा भाग दारूचा नव्हता. खाणीत साचलेला वायू पेटला हे सर्वांनाच मान्य होते. फॅरेडे आणि लायेल यांनी खांबांवर आणि लाकडी टेकूंवर बसलेला जळका थर पाहिला. तो अर्धवट जळलेल्या कोळशाच्या धुळीचा होता. वायूच्या पहिल्या भडक्याने जमिनीवरची आणि भिंतींवरची बारीक धूळ उडवली, ती हवेत तरंगता तरंगता पेटली आणि आग खाणभर पसरली, असे त्यांनी लिहिले. कोळशाचा खडा पेटवायला मिनिटे लागतात. तोच कोळसा पिठासारखा करून हवेत उधळला की क्षणात पेटतो, कारण प्रत्येक कणाभोवती प्राणवायू असतो. वायू काढून टाकण्यासाठी त्यांनी सुचवलेली नळांची योजना खाणमालकांना खर्चाची आणि अव्यवहार्य वाटली. चौकशी मंडळाने अपघाती मृत्यू असा निर्णय दिला. धुळीचा मुद्दा बाजूला पडला. १९०६ मध्ये फ्रान्समधल्या कूरिएर इथे कोळशाच्या धुळीच्या स्फोटात १,०९९ माणसे मेली. तोवर साठहून अधिक वर्षे गेली होती.

ही केवळ कोळशाची गोष्ट नाही. गव्हाचे पीठ, साखर, गंधक, औषधांची भुकटी, सेंद्रिय रसायनांची पावडर, यातले काहीही पुरेसे बारीक आणि कोरडे असेल तर असेच पेटते. ड्रायर, दळणयंत्र, चाळण आणि पिशव्या भरण्याचे यंत्र असलेल्या कोणत्याही कारखान्यात तुळयांवर साचलेला थर धोक्याचा असतो. तो हवेच्या पाइपने फुंकून झाडणे ही तर हॅसवेलचीच पुनरावृत्ती. ओलसर करून किंवा योग्य निर्वात यंत्राने उचलायचा. यंत्राला आणि पिंपाला जमिनीशी जोडणारी तार हवी, कारण कोरड्या पावडरीच्या घर्षणाने साचलेल्या विजेची एक ठिणगी पुरते. त्या विजेचे नियमही फॅरेडेनेच समजावले होते.

पेटली नाही तरी ती धूळ श्वासातून जाते. केसाची जाडी साधारण ८०,००० नॅनोमीटर. १०,००० नॅनोमीटरहून मोठे कण बहुतेक नाकात आणि घशात अडकतात. त्याहून बारीक खाली उतरतात आणि १०० नॅनोमीटरच्या आतले फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचतात. तिथे खोकून बाहेर टाकायची सोय नाही. काही कण तिथून रक्तातही जातात. कामगारांमध्ये तोंडाला रुमाल बांधण्याची पद्धत आहे. त्याने घाम पुसता येतो, एवढाच उपयोग. एन-९५ मुखपट्टी मात्र नॅनोकणांनाही चांगली अडवते. अतिसूक्ष्म कण सरळ न जाता वेडेवाकडे भरकटतात आणि तंतूंना जाऊन चिकटतात, त्यामुळे सर्वांत अवघड असतात ते सुमारे ३०० नॅनोमीटरचे. गळती होते ती गालाच्या फटीतून. दाढीवर किंवा सैल लावलेली मुखपट्टी न लावल्यासारखीच.

१८५५ च्या जुलैमध्ये फॅरेडे बोटीतून टेम्स नदीतून जात होता. पाणी तपकिरी आणि दुर्गंधीचे. त्याने पांढऱ्या कार्डाचे तुकडे ओले करून पाण्यात सोडले आणि ते किती खोलीवर दिसेनासे होतात ते पाहिले. इंचभरही खाली जाण्याआधी ते नाहीसे होत. हे त्याने टाइम्स वृत्तपत्राला कळवले. व्यंगचित्रे निघाली, दुसरे काही झाले नाही. तीन वर्षांनी उन्हाळ्यात नदीचा वास संसदेच्या खिडक्यांतून आत आला तेव्हा गटारांसाठी पैसे मंजूर झाले. लोट्याच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी दाभोळ खाडीकडे जाते. खाडीतले मच्छीमार मासे मेल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे करत आले आहेत. खाडीचे पाणी तपासायला आज उपकरणे आहेत, पण कार्डाच्या तुकड्यांची तपासणी कोणालाही करता येते आणि तिला परवानगी लागत नाही.

आता सोने. १८५६ च्या सुरुवातीला, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, फॅरेडेने प्रकाश आणि धातू यांचे नाते तपासायला घेतले. सोन्याचा वर्ख इंचाच्या अडीच लाखाव्या भागाहूनही पातळ असतो. प्रकाशापुढे धरला तर त्यातून हिरवा उजेड येतो. त्याहून पातळ करण्यासाठी त्याने तो रसायनांत विरघळवून झिजवला, फॉस्फरसच्या साहाय्याने सोन्याच्या क्षारातून पापुद्रे तयार केले. हे पापुद्रे काचेवर घेताना धुतलेले पाणी फिकट लालसर दिसे. दुसऱ्या कोणी ते मोरीत ओतले असते. फॅरेडेने ते बाटलीत भरून ठेवले.

पाणी माणकासारखे लाल आणि आरपार स्वच्छ दिसत होते. पण भिंगाने एकवटलेला प्रकाशझोत त्यातून सोडला की झोताची वाट उजळून दिसे, जशी कौलातल्या भोकातून आलेल्या कवडशात धूळ दिसते. म्हणजे हे विरघळलेले सोने नव्हते. त्यात कण होते, आणि ते सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत इतके लहान होते. हे कण धातूरूप सोन्याचेच आहेत आणि आकार बदलला म्हणून रंग बदलला, असा निष्कर्ष त्याने काढला. ५ फेब्रुवारी १८५७ ला रॉयल सोसायटीपुढे त्याने तो मांडला. कण दिसत नसताना केवळ प्रकाशाच्या वागण्यावरून हे ओळखले, ही त्याच्या डोक्याची खरी कमाल. त्यांचे अस्तित्व दाखवणारा सूक्ष्मदर्शक झिगमोंडी आणि सीडेन्टोफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बनवला आणि झिगमोंडीला पुढे १९२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आजच्या औषधशास्त्राच्या दृष्टीने त्यातले दुसरे एक निरीक्षण अधिक मोलाचे आहे. लाल पाण्यात चिमूटभर मीठ टाकले की ते निळे-जांभळे होई आणि सोने तळाशी बसू लागे. कण एकमेकांना चिकटून मोठे होत होते. जिलेटिनसारखा चिकट पदार्थ मिसळला तर मात्र लाली टिकून राहते, हेही त्याने पाहिले. माणसाचे रक्त खारट आहे. उघडे नॅनोकण त्यात सोडले तर तेच व्हायचे. म्हणून आज नॅनोऔषधाच्या प्रत्येक कणाला कसले ना कसले आवरण असते.

सरकारी दवाखान्यात रक्त कमी असलेल्या गरोदर बाईला आयर्न सुक्रोजची सलाईन लावतात, ती याच जातीची. मध्ये लोहाचा सूक्ष्म गाभा, भोवती साखरेचे वेष्टण. वेष्टणामुळे लोह एकदम सुटत नाही. तरीही क्वचित कोणाला रिॲक्शन येते, म्हणून ती हळू द्यायची आणि बाईवर नजर ठेवायची. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या आजारात ज्या लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनसाठी नातेवाईक गावोगाव हिंडले, तेही जुनेच औषध, चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत भरलेले. साध्या रूपात ते मूत्रपिंडाला फार इजा करते, या रूपात कमी. कर्करोगाची काही औषधे आणि करोनाच्या एमआरएनए लसी याच तत्त्वावर चालतात.

हे सोन्याचे वेड आपल्याकडे जुने आहे. रसशास्त्रात भस्म नीट झाले की नाही याच्या परीक्षा सांगितल्या आहेत. बोटांच्या रेषांत शिरून बसले पाहिजे, स्थिर पाण्यावर तरंगले पाहिजे, धातूची चकाकी उरता कामा नये. बारीकपणाचे महत्त्व त्या वैद्यांना चांगलेच ठाऊक होते. आधुनिक सूक्ष्मदर्शकाखाली सुवर्णभस्मात नॅनो आकाराचे कण आढळलेही आहेत. मात्र बारीक आहे म्हणून निर्धोक, असे त्यातून निघत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत सोन्याचे कण यकृतात आणि प्लीहेत कित्येक महिने साचून राहिलेले दिसले आहेत. नीट न झालेल्या भस्मांतून शिसे आणि पारा शरीरात गेल्याचे रुग्ण तर रुग्णालयांत येतात. तान्ह्या बाळाला सोने चाटवण्याआधी त्यात नेमके काय आहे, हे विचारायला संकोच नको.

आकाराने स्वभाव का बदलतो, याचा हिशेब सोपा आहे. एक सेंटिमीटर बाजूचा साखरेचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक नॅनोमीटर बाजूचे ठोकळे केले तर पृष्ठभाग ६,००० चौरस मीटर होतो, म्हणजे जवळपास साठ गुंठे. रसायनांची देवघेव पृष्ठभागावर होते. म्हणून चांदीचे सूक्ष्मकण लावलेली पट्टी भाजलेल्या जखमेतले जंतू मारते. कपड्यांत घातलेली तीच चांदी धुण्याच्या पाण्याबरोबर सांडपाण्यात गेली, तर पाणी स्वच्छ करणाऱ्या उपयोगी जिवाणूंनाही त्रास देऊ शकते. चांदीचे पाणी टॉनिक म्हणून पिणाऱ्यांची कातडी कायमची निळसर-राखाडी झाल्याची उदाहरणे आहेत. गोळ्या आणि मिठाया पांढऱ्या दिसाव्यात म्हणून वापरला जाणारा टायटॅनियम डायऑक्साइड युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांतून काढून टाकला. तोच धड त्वचेवर सनस्क्रीन म्हणून लावला तर फारसा आत जात नाही. त्याची कोरडी पावडर श्वासातून घेणे ही वेगळी बाब. लांब, ताठ कार्बन नलिका उंदरांच्या शरीरात ॲस्बेस्टॉससारख्या वागल्या आहेत. नॅनोऔषधे कशी तपासावीत याची मार्गदर्शक तत्त्वे भारतात २०१९ मध्ये आली. ती औषधांची आहेत. ते औषध पिशवीत भरणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसाचा विचार कारखान्याच्या नियमांत वेगळा करावा लागतो, आणि तिथे नॅनोकण मोजण्याची सवय अजून लागलेली नाही.

सोन्याच्या प्रयोगांनंतर फॅरेडेची स्मृती आणखी क्षीण झाली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्याने नाकारले होते, सर ही पदवीही नको म्हटली होती. १८६० च्या नाताळात त्याने मुलांपुढे मेणबत्तीवर व्याख्याने दिली. ज्योतीचा उजेड तिच्यातल्या काजळीच्या तापलेल्या कणांमुळे पडतो, हे त्याने त्यांना दाखवले. राणीने दिलेल्या हॅम्प्टन कोर्टच्या घरात, खुर्चीत बसल्या जागी, २५ ऑगस्ट १८६७ ला त्याचा मृत्यू झाला.

लाल पाण्याच्या त्याच्या काही बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवल्या आहेत. दीडशेहून अधिक वर्षे झाली, सोने अजून तळाला बसलेले नाही. झोत टाकला की वाट अजून उजळते.